चाळणीपुराण

परवाच्या रविवारी आजीने मला घराबाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. झालं असं की टेंभी नाक्याला तिच्याकडे गेलो, तेव्हा ती चकलीच्या भाजणीचं पीठ चाळत बसली होती. मी तिच्या हातातली चाळणी काढून घेतली, खिशातून कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग काढलं (ते खिशात का होतं हे पुढे येईलच) आणि एका इंचात किती भोकं आहेत ते मोजायला लागलो. व्हायचं तेच झालं. पीठ मांडीवर, पीठ जमिनीवर, पीठ माझ्या जीन्सवर.

"अरे, भोकं कसली मोजतोस मेल्या? पीठ खाली पडतंय ना, मग झालं!"

आजीचा मुद्दा बिनतोड आहे. खरं तर हजारो वर्षं सगळ्या जगाचं हेच मत होतं. पीठ खाली पडतंय ना, कोंडा वर राहतोय ना, मग झालं. भोकं मोजायची गरज माणसाला फार उशिरा वाटली. ती का वाटली आणि मोजल्यावर काय काय झालं, ते आज सांगणार आहे. विषय रूक्ष वाटेल, पण तुम्ही आजवर गिळलेल्या बहुतेक प्रत्येक गोळीची पावडर कुठल्या ना कुठल्या जाळीतून गेलेली आहे, एवढं लक्षात ठेवा आणि वाचा.

आधी खुलासा. मी पोटापाण्यासाठी आयटीत आहे, पण डिग्री मेकॅनिकलची. (आमच्या बॅचचे निम्मे मेकॅनिकलवाले आज जावा लिहितात. उरलेले निम्मे त्याचं टेस्टिंग करतात.) शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत बाबांच्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये दोन महिने काढले होते. ते काका व्हायब्रो सिफ्टरच्या जाळ्या बनवतात. व्हायब्रो सिफ्टर म्हणजे मोटरवर थरथरणारी मोठी गोल चाळणी. औषधं, मसाले, रंग, रसायनं, दूध पावडर, जिथे म्हणून पावडर आहे तिथे हे यंत्र असतं. भिंग त्याच काकांनी दिलेलं. "पट्टी खोटं बोलते, भिंग बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

तर सुरुवात करूया अगदी मुळापासून. मराठीत धान्य-पिठाची निवड करायला तीन वेगवेगळी क्रियापदं आहेत. सुपात पाखडायचं, चाळणीत चाळायचं आणि फडक्यातून गाळायचं. पाखडताना वजनावर निवड होते, हलकं फोलपट उडतं आणि जड दाणा राहतो. चाळताना आकारावर निवड होते. आणि अगदीच बारीक हवं असेल तर पीठसुद्धा कापडातून गाळायचं. आयुर्वेदिक चूर्णाच्या कृतीत 'वस्त्रगाळ' हा शब्द येतो तो याच अर्थाने. म्हणजे आपल्याकडे बारीकपणाचं माप होतं, पण ते माप म्हणजे एक कापड होतं. कुठलं कापड? जुनं धोतर की नवं? मलमल की मांजरपाट? ते वैद्याच्या हाताला माहीत. वैद्य बदलला की चूर्णही थोडं बदलणार.

आणि गंमत पाहा, कारखान्यातली सगळ्यात बारीक जाळी आजही कापडच आहे. पत्र्याला भोकं पाडून रव्याची चाळणी होते, पण त्याहून बारीक गेलात की भोकं पाडणं परवडत नाही, तारा विणाव्या लागतात. उभ्या तारांचा ताणा, आडव्या तारांचा बाणा, अगदी भिवंडीच्या मागावर असतो तसा. साधी वीण म्हणजे एक तार वर, एक तार खाली. तार फार बारीक किंवा जाळी फार दाट असेल तर दोन वर, दोन खाली, म्हणजे आपल्या जीन्सच्या कापडासारखी ट्विल वीण. इंग्रजीतही या जाळीला तारेचं कापडच म्हणतात. युरोपात मैदा चाळायला तर खरोखरचं रेशमी कापड वापरत. स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात असं रेशीम विणण्याचा मोठा धंदा उभा राहिला होता. पुढे रेशमाची जागा नायलॉन आणि पॉलिएस्टरने घेतली.

धातूच्या तारांच्या चाळण्याही जुन्याच. जर्मनीतल्या अॅग्रिकोला नावाच्या डॉक्टरने खाणकामावर एक जाडजूड लॅटिन ग्रंथ लिहिला. तो १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात फोडलेलं खनिज चाळणाऱ्या माणसांची चित्रं आहेत आणि लोखंडी तारांच्या तळाच्या चाळण्यांची वर्णनं आहेत. (या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १९१२ साली एका खाण इंजिनिअरने बायकोच्या मदतीने केलं. त्याचं नाव हर्बर्ट हूवर. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. इंजिनिअर वीकेंडला काय काय करतात बघा!)

पण अॅग्रिकोलाच्या चाळण्यांनाही आजीचाच नियम लागू होता. बारीक, मध्यम, जाड. आकडा असला तरी तो त्या खाणीपुरता.

तारांची संख्या काटेकोर असावी लागते हे जगाला दाखवणारं एक ठळक उदाहरण मात्र चाळणीचं नाही, दिव्याचं आहे. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने कोळशाच्या खाणीत वापरायचा दिवा केला. उघड्या ज्योतीने खाणीतला वायू पेटायचा आणि माणसं मरायची. डेव्हीने ज्योतीभोवती तारेच्या जाळीचं नळकांडं बसवलं. हवा आत येते, उजेड बाहेर जातो, पण जाळीच्या तारा ज्योतीची उष्णता शोषून घेतात आणि आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. अर्थात भोकं मोठी झाली तर पोचते. म्हणून जाळी ठरलेली होती, इंचाला २८ भोकं, म्हणजे चौरस इंचाला ७८४. इथे 'अंदाजे बारीक' चालणार नव्हतं, कारण अंदाज चुकला तर स्फोट.

(आजीची पिठाची चाळणी मी मोजली ना? बरोबर २८ आली! हे तिला उत्साहाने सांगितलं, तर म्हणाली, "मग आता खाणीत घेऊन जा.")

यानंतर खरा प्रश्न आला तो कारखान्यांचा. एका देशातली खाण खनिज दळणार, दुसऱ्या देशातला कारखाना ते विकत घेणार. दोघांचं 'बारीक' एकच कसं असणार? १८६७ मध्ये ऑस्ट्रियाच्या पीटर फॉन रिटिंगरने एक सुंदर कल्पना मांडली. चाळण्यांची एक मालिका करा. सुरुवात १ मिलिमीटरच्या भोकापासून, आणि पुढची प्रत्येक चाळणी मागच्या चाळणीच्या √२ पट, म्हणजे साधारण १.४१४ पट. √२ च का? कारण बाजू √२ पट झाली की भोकाचं क्षेत्रफळ बरोबर दुप्पट होतं. जगात कुठेही जा, एका पायरीचा अर्थ एकच.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. लेन्सवरचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६ असे असतात, तीही √२ चीच शिडी आहे. दर पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. आणि ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी ए-४ कागद घ्यावा. त्याच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तरही √२ आहे, म्हणूनच तो मधोमध दुमडला की त्याच आकाराचा ए-५ होतो. एकदा √२ दिसायला लागला की सगळीकडे दिसतो.

रिटिंगरची कल्पना बाजारात खऱ्या अर्थाने रुजवली ती अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डब्ल्यू. एस. टायलर कंपनीने. तारेच्या जाळ्या विणणं हा त्यांचा धंदाच होता. १९१० मध्ये त्यांनी आपली प्रमाणित चाळण्यांची मालिका आणली. तिचा पाया होता २०० मेश, भोक ७४ मायक्रॉन, आणि तिथून वर √२ ची शिडी. मेश म्हणजे एका सरळ इंचात किती भोकं. आकडा मोठा तितकं भोक लहान. पितळी गोल टेस्ट चाळण्या एकावर एक रचायच्या, सगळ्यात वर जाड आणि सगळ्यात खाली बारीक, वर पावडर टाकून हलवायचं, मग प्रत्येकीवर किती ग्रॅम राहिलं ते मोजायचं. सिव्हिलवाल्यांनी कॉलेजात वाळूवर हेच केलेलं असतं.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ मध्ये, भारतीय मानक संस्था (आयएसआय) सुरू झाली आणि चाळण्यांसाठी आयएस ४६० हे मानक आलं. त्यात सुरुवातीला एक शहाणी गोष्ट होती. इंचातली भोकं मोजण्याऐवजी चाळणीचा नंबर थेट भोकाच्या मापावरून, दहा-दहा मायक्रॉनच्या हिशेबाने दिलेला होता. जुन्या सिव्हिलच्या पुस्तकांत 'आयएस चाळणी नं. ४८०, २४०, १२०, ६०' असं दिसतं. ४८० म्हणजे ४.८ मिलिमीटर, ६० म्हणजे ०.६ मिलिमीटर. इथे आकडा मोठा तर भोकही मोठं. सरळ हिशेब! पण बाजाराची जीभ वळायला वेळ लागतो. कारखान्यांत लोक ब्रिटिश मेश बोलत राहिले, काही अमेरिकन मेश बोलत राहिले, आणि आजही बोलतात.

आता तुम्ही म्हणाल, इंच तर दोघांचा सारखाच आहे, मग फरक कसला?

फरक तारेचा. इंचात ३० भोकं बसवायची तर एक भोक अधिक एक तार मिळून साधारण ८४७ मायक्रॉन होतात. आता त्यात तार किती आणि भोक किती? ब्रिटिश मानकात ३० नंबरच्या चाळणीचं भोक ५०० मायक्रॉन. अमेरिकन मानकात ३० नंबरचं ६०० मायक्रॉन. नंबर तोच, भोक वेगळं. बाजूत फरक २० टक्के, पण त्यातून जाऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या दाण्याचं वजन धरलं तर १.२ चा घन, म्हणजे ७३ टक्के जास्त!

बारीक जाळीतही हेच. २०० मेशला भोक अधिक तार म्हणजे १२७ मायक्रॉन. तार ५३ मायक्रॉनची घेतली तर भोक ७४, आणि जाळीचा फक्त ३४ टक्के भाग मोकळा. तार ४० ची घेतली तर भोक ८७, मोकळा भाग ४७ टक्के. दुसऱ्या जाळीतून माल भराभर पडेल, पण तो थोडा जाड असेल, शिवाय तार नाजूक म्हणून जाळी लवकर फाटेल. दोन्ही दुकानांत '२०० मेश' म्हणूनच विकायला ठेवलेल्या.

मी काकांकडे होतो तेव्हा याच फरकाने त्यांची झोप उडवली होती. एका औषध कंपनीची ऑर्डर होती, '३० मेश, ३० इंच, १२ नग'. एवढंच लिहिलेलं. काकांनी नेहमीच्या सवयीने अमेरिकन हिशेबाची जाळी लावून दिली. कंपनीला हवी होती ब्रिटिश. दाणे जाड गेले, मशीनवर गोळ्यांच्या वजनात फरक पडायला लागला, आणि एक अख्खी बॅच अडकली. त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांचा फोन मी ऐकलाय. काका एकच वाक्य परत परत म्हणत होते, "साहेब, तुम्ही मागितली तीच दिली." आणि ते खरं होतं. आणि तरी चूक झालेली होती. बाराच्या बारा रिंगा परत आल्या, जाळ्या काढून टाकल्या, नव्या स्वखर्चाने लावल्या. त्या दिवसापासून काकांच्या वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे दोन रकाने वाढले, भोक मायक्रॉनमध्ये आणि तार मायक्रॉनमध्ये. ते दोन आकडे मिळाल्याशिवाय जाळी कापायची नाही.

आमच्या धंद्यातल्यांना १९९९ ची गोष्ट आठवत असेल. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडांच्या एककात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या एककात आहेत असं समजून वापरले. करोडो डॉलर्सचं यान आणि काकांच्या बारा जाळ्या, चूक एकच. दोन्हीकडे आकडा बरोबर होता, पण त्या आकड्याचा अर्थ काय हे दोन माणसांनी बसून ठरवलेलं नव्हतं. आजीला हे ठरवावं लागत नाही, कारण चाळणारी तीच आणि चकली करणारीही तीच. चाळणारा एक आणि खाणारा दुसरा झाला की भोकाबद्दल करार करावा लागतो. माझ्या मते मेश, मायक्रॉन, मानकं हा सगळा खटाटोप म्हणजे तो करार आहे.

असो. आता थरथरण्याकडे वळू.

आजी चाळते तेव्हा तिचे हात नीट बघा. चाळणी नुसती डावी-उजवीकडे जात नाही. ती गोल फिरते आणि मधूनच तळहाताचा एक ठोका बसतो. गोल फिरवल्याने पीठ जाळीभर पसरतं, ठोक्याने भोकात अडकलेले कण सुटतात. यंत्राला हेच शिकवायचं होतं. नुसत्या पुढे-मागे हलणाऱ्या चाळण्या गिरण्या आणि खाणींत होत्याच. गोल सिफ्टर आला तो १९४० च्या दशकात, लॉस एंजेलिसच्या साउथवेस्टर्न इंजिनिअरिंग कंपनीकडून. तिचंच लघुरूप स्वेको.

त्यातली युक्ती मला अजूनही भारी वाटते. मधोमध एक उभी मोटर, तिच्या दांड्याला वर एक आणि खाली एक अशी एका बाजूला कललेली वजनं, आणि हे सगळं स्प्रिंगांवर ठेवलेलं. वरचं वजन फिरलं की चाळणी आडवी हलते आणि माल मधून कडेकडे सरकतो. खालचं वजन फिरलं की चाळणी कलते, डुलते आणि माल उडतो. म्हणजे वरचं वजन हे आजीचं गोल फिरवणं आणि खालचं वजन हा तिचा ठोका! दोन वजनांमधला कोन बदलला की मालाची वाट बदलते. कोन शून्य असेल तर माल सरळ कडेला पळतो. कोन वाढवत नेला की तो गोल गोल फिरत, सावकाश, जास्त वेळ जाळीवर राहून कडेला जातो. कोन फारच वाढवला की माल मध्येच घुटमळतो. ऑपरेटर पाना घेऊन खालचं वजन थोडं सरकवतो, जाळीवरची पावडरीची नक्षी बघतो, परत सरकवतो. जुन्या रेडिओवर स्टेशन लावल्यासारखं.

पण हा सगळा भार येतो तो जाळीवर. मोटर साधारण १४४० फेऱ्यांची. म्हणजे मिनिटाला १४४० झटके, आठ तासांच्या एका पाळीत सहा लाख ९१ हजार. केसाहून बारीक तारांना रोज सात लाख झटके. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला 'फटीग' शिकवतात तो हाच. एका झटक्याने तार तुटत नाही, पण लाखो झटक्यांनी थकते आणि एक दिवस तुटते. जाळी सैल असेल तर ती फडफडते आणि लवकर थकते. फार ताणली तर भोकांचा आकार बिघडतो किंवा तार आधीच ताणाखाली असल्याने पटकन जाते. म्हणून जाळी बनवण्याच्या कामात सगळं कसब ताणात आहे.

काकांकडे ते असं चालतं. स्टेनलेस स्टीलच्या तारेचं कापड रोलमधून कापायचं, ताणा-बाणा काटकोनात आहेत ना ते बघायचं. मग ते चौकटीत चारी बाजूंनी चिमट्यांत धरून ताणायचं, दोन्ही दिशांना सारखं. रिंगेचा पृष्ठभाग घासून खरबरीत करायचा, तेलाचा अंश पुसून काढायचा, दोन भाग कालवून केलेला इपॉक्सी लावायचा, ताणलेली जाळी त्यावर टेकवून वजनं ठेवायची आणि इपॉक्सी पुरतं कडक होईपर्यंत हात लावायचा नाही. मग कडेची जाळी कापून टाकायची. फार बारीक जाळी असेल तर तिच्याखाली आधाराला एक जाड जाळी. औषधांसाठी बऱ्याचदा रिंग आणि जाळीची कड सिलिकॉन रबरात साच्यात घालून एकजीव करतात, म्हणजे फटीत पावडर अडकून पुढच्या बॅचमध्ये मिसळायची भीती नाही. जाळी तुंबू नये म्हणून खाली रबरी गोळे ठेवतात. ते उड्या मारत जाळीला खालून ठोकत राहतात. अगदीच चिकट पावडर असेल तर अल्ट्रासॉनिक.

ताण मोजायचं मीटर त्यांच्याकडे आहे. पण काका आधी टिचकी मारतात आणि कान लावतात. तबल्यासारखं जागा बदलून बदलून, सगळीकडे सूर सारखा येतो का ते ऐकतात. मग मीटर लावतात. दोन महिन्यांत मला मीटर आणि कान यांच्यात भांडण झालेलं एकदाही दिसलं नाही.

आता एक हिशेब. ३० इंच व्यासाच्या २०० मेशच्या जाळीत भोकं किती? क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस इंच, दर चौरस इंचाला ४०,०००. म्हणजे सुमारे २ कोटी ८० लाख भोकं. त्यातली एक तार तुटली तर दोन गोष्टी होतात. मोठा कण खाली जातो, आणि तारेचा तुकडाही खाली जाऊ शकतो. स्टेनलेसच्या या जाती लोहचुंबकाला धड चिकटतही नाहीत. म्हणून आपल्या औषध नियमांच्या शेड्यूल एम मध्ये एक साधं वाटणारं कलम आहे. चाळल्यानंतर जाळीवर जे उरतं, ते वेळोवेळी तपासा, त्यात नको ती वस्तू आहे का बघा. म्हणजे आजी कोंडा फेकण्याआधी बोटांनी चाचपते, त्याचाच सरकारी अवतार.

हे वर्कशॉप होतं वागळे इस्टेटमध्ये. ठाणेकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना १ ऑगस्ट १९६२ ला झाली आणि सुरुवात याच वागळे इस्टेटपासून झाली. मग डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर, तारापूर असा रसायनं आणि औषधांचा पट्टा पसरत गेला. १९७० च्या पेटंट कायद्याने (तो १९७२ ला लागू झाला) औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवलं, आणि देशी औषध कंपन्यांना मोकळं मैदान मिळालं. ती सूट २००५ पर्यंत टिकली. औषध कारखाने वाढले तशा त्यांच्या मागे लहान लहान शेड वाढल्या. कुणी साचे बनवतं, कुणी पंपाचे सुटे भाग, कुणी जाळ्या. मोठ्या कंपन्यांचे इतिहास लिहिले गेलेत. या शेडचे कुणी लिहिलेले नाहीत. त्यांचा इतिहास चलनबुकात आणि काकांच्या त्या दोन रकान्यांच्या वहीत आहे.

पुढे २००३ च्या आयटी धोरणाने आयटी पार्कना जास्तीचा एफएसआय दिला. जिथे पत्र्याच्या शेड होत्या तिथे काचेच्या इमारती यायला लागल्या. काकांच्या मालकाने जागा विकली तेव्हा काका अंबरनाथला गेले. सोबत पाचातले दोन कारागीर गेले, बाकीच्यांना रोजचा प्रवास जमेना. आणि तुम्ही ओळखलंच असेल, माझं ऑफिस आज त्याच रस्त्यावर आहे, काकांच्या जुन्या शेडपासून चालत पाच मिनिटांवर. चहाची टपरी तीच आहे.

गेल्या महिन्यात अंबरनाथला जाऊन आलो. काकांचा मुलगा पुण्यात, माझ्याच धंद्यात. सगळ्यात जुना कारागीर साठीला आलाय. मी विचारलं, "काका, हे काम पुढे कोण करणार?" ते काही बोलले नाहीत. एक तयार जाळी उभी केली, टिचकी मारली आणि म्हणाले, "सांग, कुठे सैल आहे?"

मी तीनदा ऐकलं. उजवीकडे खाली, असं अंदाजाने सांगितलं. त्यांनी मीटर लावला. सैल होती, पण डावीकडे.

"दोन महिन्यांत एवढंच येतं," काका म्हणाले. "दोन वर्षं लागतात." आणि निघताना ते भिंग माझ्या हातात ठेवलं.

मला खंत वाटते ती याची. मानकं लिहून ठेवता येतात. ५०० मायक्रॉन शंभर वर्षांनीही ५०० मायक्रॉनच राहील, तो करार मोडणार नाही. पण त्या कराराप्रमाणे जाळी ताणणारा हात मानकात बसत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेच जातो, आणि तो दुसरा माणूस सध्या वागळे इस्टेटला एसीत बसून जावा लिहितोय. यावर माझ्याकडे उपाय नाही. महिन्यातून एक शनिवार अंबरनाथला जायचं ठरवलंय, एवढंच. काकांनी "ये" म्हटलंय, पगार मात्र मिळणार नाही हेही स्पष्ट केलंय.

जाता जाता, आजीच्या तिन्ही चाळण्यांचा निकाल. रव्याची १६, पिठाची २८, मैद्याची ४०. मैद्याच्या चाळणीला एका कडेला एक तार तुटलेली सापडली. आजीला दाखवली.

"माहितीये मला," ती म्हणाली. "म्हणून त्या कडेला पीठ जाऊच देत नाही मी."